बेळगावची सविता आणि आयर्लंडचा कायदा

माझी खाला बेळगावात राहते. नोव्हेंबर २०१२ मध्ये दिवाळीची सुट्टी चालू असताना एका सकाळी तिचा फोन आला. "अगं, आमच्या गावची एक पोर तिकडे विलायतेत वारली. दातांची डॉक्टर होती म्हणे. पोटातलं मूल राहणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी दवाखान्यात तिला मोकळं केलं नाही. तू शिकलेली आहेस, नीट वाचून सांग मला, असं कसं झालं?"

तेव्हा मला नीट सांगता आले नाही. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात आयर्लंड येते ते होमरूल चळवळीच्या निमित्ताने, एका ओळीत. तेवढीच माझी ओळख. पुढे मिळेल तसे वाचत गेले, आणि लक्षात आले की या दूरच्या बेटाच्या गोष्टीत आपल्या बाजूची दोन माणसे आहेत. एक ती बेळगावची सविता हलप्पनवार. दुसरे, ज्यांच्या काळात हा कायदा बदलला ते पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. खालाला सांगायचे राहिले ते इथे लिहिते.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे गर्भपात हा शब्द निघाला की पोटातच मारल्या गेलेल्या मुली आठवतात. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो त्यासाठीच. गरिबीच्या भीतीने मुलांना मारू नये हा कुरआनचा हुकूम आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडलेला असतो. म्हणून हा विषय या मासिकात कशाला, असे एखाद्या भगिनीला वाटेल. पण आयर्लंडमध्ये गाडे वेगळ्याच ठिकाणी अडकले होते. बाई मरणाच्या दारात आहे की अजून दोन पावले अलीकडे आहे, हे डॉक्टरने ठरवायचे आणि चुकला तर तुरुंगात जायचे, अशी ती अडचण होती.

तिथे गर्भपात १८६१ पासून गुन्हा होता. तो इंग्रजांचा कायदा. आपली दंडसंहिता त्याच्या एकच वर्ष आधीची, १८६० ची, आणि तिच्या ३१२ व्या कलमातही गर्भपात गुन्हाच होता. मात्र आईचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिक हेतूने केला असेल तर सूट, असे त्या कलमातच लिहिलेले होते. पुढे १९६४ मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९७१ मध्ये आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. आयर्लंड त्याच काळात उलट्या दिशेला चालले होते.

तो देश कॅथलिक श्रद्धेचा. इंग्रजांच्या राज्यात धर्मामुळे पिढ्यान्‌पिढ्या भरडला गेलेला, त्यामुळे स्वातंत्र्यानंतर चर्च हीच त्याची ओळख झाली. शाळा चर्चच्या, दवाखाने चर्चचे. १९३७ च्या घटनेत तलाकला बंदी. संततिनियमनाच्या साधनांची विक्री १९३५ पासून बंद. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे चार मुलांच्या आईचा खटला आला. पुन्हा दिवस राहिले तर जिवाला धोका आहे, असे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. तिने इंग्लंडहून मागवलेले औषध जकातवाल्यांनी जप्त केले. न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला: नवरा-बायकोच्या खासगी गोष्टीत सरकारने पडू नये. त्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यायालयाने गर्भपाताला मोकळीक दिली. मग धार्मिक मंडळींना धास्ती वाटू लागली, की आज औषध, उद्या आपले न्यायाधीशही गर्भपाताला हो म्हणतील. कायदा न्यायालय मोडू शकते, घटना मोडू शकत नाही. तेव्हा बंदी घटनेतच घालावी, अशी मोहीम १९८१ मध्ये सुरू झाली.

आणि तिला वेळ फार सोयीची मिळाली. १९८१ आणि १९८२ मिळून दीड वर्षात आयर्लंडमध्ये तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. कोणाचेच सरकार टिकेना. गॅरेट फिट्झजेराल्ड आणि चार्ल्स हॉही हे दोन मोठे नेते, आणि दोघांना एकेका मताची गरज. दोघांनीही या मंडळींना शब्द देऊन टाकला. सत्तेवर आल्यावर फिट्झजेराल्ड यांना त्यांच्याच महाधिवक्त्याने, पीटर सदरलँड यांनी, सावध केले की हा मजकूर संदिग्ध आहे, यातून डॉक्टरांपुढे पेच उभा राहील. फिट्झजेराल्ड यांनी मजकुराला विरोधही केला. पण शब्द दिलेला होता, आणि संसदेत त्यांच्या मनासारखे झाले नाही. ७ सप्टेंबर १९८३ ला सार्वमत झाले. जवळजवळ ६७ टक्के लोकांनी होकार दिला आणि आठवी घटनादुरुस्ती आली: न जन्मलेल्या जिवाचा आणि त्याच्या आईचा जगण्याचा हक्क समान.

समान. शब्द न्याय्य वाटतो. पण आईला ताप चढतो आहे, मूल वाचणार नाही, तरी त्याच्या काळजाचे ठोके चालू आहेत, अशा वेळी समान म्हणजे काय करायचे ते घटनेत लिहिलेले नव्हते. जगण्याचा हक्क होता, तब्येतीचा उल्लेखच नव्हता. आईची तब्येत कितीही बिघडो, तेवढ्यावर डॉक्टरला हात लावता येणार नव्हता. जीव जातो आहे असे दिसले तरच.

सार्वमताला पाच महिनेही झाले नव्हते. ३१ जानेवारी १९८४ ला ग्रॅनार्ड नावाच्या लहानशा गावात पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी हजरत मरियमच्या पुतळ्याजवळ पावसाळी थंडीत एकटीच बाळंत झाली. शाळेतून घरी जाणाऱ्या मुलांना ती दिसली. बाळ मेलेले होते, काही तासांत तीही गेली. मी रोज त्या वयाच्या मुलींना शिकवते, त्यामुळे ही बातमी वाचल्यावर दोन दिवस वर्गात लक्ष लागले नाही. सूरह मरियममध्ये प्रसूतीच्या वेदनेत एकट्या असलेल्या हजरत मरियमला अल्लाहने दिलासा दिला, पाणी दिले, खजूर दिले. त्यांच्याच पुतळ्याच्या पायाशी या मुलीला कोणी नव्हते. त्या घटनेनंतर गे बर्न या लोकप्रिय निवेदकाच्या रेडिओ कार्यक्रमाकडे देशभरातून बायकांची पत्रे आली. कोणी गोठ्यात बाळंत झालेली, कोणी न्हाणीघरात, कोणी चाळीस वर्षे नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट लिहिणारी. ती पत्रे रेडिओवर वाचून दाखवली गेली. कायद्यात काही बदलले नाही, पण स्वयंपाकघरात रेडिओ ऐकणाऱ्या बायकांना कळले की आपण एकट्या नाही.

मग १९९२. बलात्कारातून दिवस गेलेली चौदा वर्षांची मुलगी. आई-वडील तिला इंग्लंडला घेऊन गेले आणि जाताना पोलिसांना सरळपणे विचारले, की गुन्हेगाराविरुद्ध पुरावा म्हणून गर्भाचा नमुना चालेल का? सरकारने न्यायालयातून मनाईहुकूम आणला. मुलीला परत बोलावले गेले. ती जीव देण्याच्या गोष्टी करू लागली. देशभर आरडाओरडा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये तो हुकूम उठवला आणि सांगितले की आत्महत्येचा धोका हाही जिवाचाच धोका आहे. संसदेने त्यावर कायदा करावा, अशी अपेक्षा होती. संसदेने वीस वर्षे केला नाही. त्याच वर्षी आणि पुन्हा २००२ मध्ये, आत्महत्येचे कारण चालणार नाही अशी दुरुस्ती लोकांपुढे ठेवली गेली, दोन्ही वेळा लोकांनी ती नाकारली. तरीही सगळ्या पक्षांनी विषय गुंडाळून ठेवला. निखारा हातात घ्यायला कोणी तयार नव्हते.

त्यांना घाईही नव्हती, कारण शेजारी इंग्लंड होते. १९९२ च्या सार्वमताने परदेशी जायला मोकळीक दिली होती. गर्भपात देशात बंद, पण बोटीने किंवा विमानाने जाऊन करून या. १९८० नंतरच्या साडेतीन दशकांत दीड लाखाहून जास्त बायका अशा गेल्या. एकट्या २०१६ मध्ये ३,२६५ जणींनी इंग्लंड-वेल्सच्या दवाखान्यात आयर्लंडचा पत्ता लिहिला. बंदीने गर्भपात थांबला नव्हता, तो समुद्रापलीकडे गेला होता. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते, ज्या अल्पवयीन होत्या, ज्या आश्रयाला आलेल्या परक्या होत्या आणि ज्यांच्याकडे व्हिसा नव्हता, त्याच मागे राहिल्या. आणि ज्यांना इंग्लंडला जायचे सुचणेही शक्य नाही अशा, म्हणजे दवाखान्यात खाटेवर पडलेल्या.

सविता ३१ वर्षांची होती. पहिलेच मूल, हवेहवेसे. आई-वडील बेळगावहून तिच्याकडे राहायला आले होते आणि त्याच दिवसांत परत निघाले. २१ ऑक्टोबर २०१२ ला सतराव्या आठवड्यात पाठ दुखते म्हणून ती गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात गेली. रात्री पाणी गेले. मूल वाचणार नाही, हे डॉक्टरांनी स्वतःच सांगितले. २३ तारखेला तिने विचारले की मग मला यातून मोकळे करा. उत्तर आले की बाळाचे ठोके चालू आहेत, कायद्याने करता येत नाही. हा कॅथलिक देश आहे, असेही तिला एका परिचारिकेने सांगितले. चौकशीत त्या बाईंनी ते मान्य केले आणि वाईट वाटते असेही म्हणाल्या. २४ तारखेला जंतुदोष रक्तात भिनल्याचे निदान झाले. त्याच दिवशी मूल आपोआप बाहेर आले. २८ ऑक्टोबरला सविता गेली.

इथे मला माझ्या धाकट्या बहिणीचे सांगायला हवे. २००९ ची गोष्ट. तिलाही पाचवा महिना लागता लागता पाणी गेले. तालुक्याच्या गावातला साधा दवाखाना. डॉक्टरीणबाई तपासून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मूल राहणार नाही, थांबलो तर हिला सेप्टिक होईल, सही करा. मेहुण्यांचा हात थरथरत होता. त्यांनी मशिदीच्या मौलानांना फोन लावला. मौलाना म्हणाले, "डॉक्टर काय म्हणते? आईच्या जिवाला धोका आहे म्हणते ना? मग मला काय विचारत बसलात, आधी तिला वाचवा." आपल्या फिकहात गर्भाच्या दिवसांवरून उलेमांमध्ये मतभेद आहेत, चार महिन्यांनंतर तर सगळेच फार कडक आहेत. पण आई हे झाडाचे मूळ आणि गर्भ ही फांदी, फांदीसाठी मूळ जाऊ देऊ नये, ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांना पुस्तक न उघडता ठाऊक असते. रात्री अकरापर्यंत सगळे उरकले होते. अम्मा सकाळपर्यंत तस्बीह घेऊन बसून होती. बहिणीला नंतर दोन मुले झाली. त्या डॉक्टरीणबाईंनी त्या संध्याकाळी कुठल्या वकिलाला विचारल्याचे मला आठवत नाही.

सविताच्या बाबतीत सगळा दोष कायद्यावर ढकलणे मात्र बरोबर नाही. तिच्या मृत्यूची चौकशी सर सबरत्नम अरुलकुमारन यांच्या समितीने केली, तिच्यात निगा राखण्यातल्या बऱ्याच चुका निघाल्या. रक्ताचा अहवाल वेळेवर पाहिला गेला नाही, नाडी-ताप वेळच्या वेळी मोजले गेले नाहीत. पण स्त्रीरोगतज्ज्ञ पीटर बॉयलन यांनी साक्षीत सांगितले की सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता तर ती बहुधा वाचली असती, आणि त्या दोन दिवशी तिचा जीव धोक्यात नसल्यामुळे कायद्याने तो करता येत नव्हता. बुधवारी धोका आला, तेव्हा उशीर झाला होता. वीस वर्षांपूर्वी सदरलँड यांनी, नाही, तीस वर्षांपूर्वी, जे लिहून ठेवले होते ते असे खाटेवर येऊन उभे राहिले.

१४ नोव्हेंबरला कीटी हॉलंड या पत्रकार महिलेने ही बातमी 'आयरिश टाइम्स'मध्ये दिली आणि डब्लिनच्या रस्त्यांवर लोक मेणबत्त्या घेऊन उतरले. पुढच्याच वर्षी संसदेने वीस वर्षे टाळलेला कायदा केला, पण हात आखडूनच. जीव धोक्यात असेल तरच परवानगी, एरवी १४ वर्षांपर्यंत तुरुंग.

मग बदल कशाने झाला? लोक धर्म सोडून गेले म्हणून, असे उत्तर सोपे आहे, आणि ते अर्धेच खरे आहे. चर्चवरचा विश्वास जबर हलला होता. २००९ च्या रायन अहवालात चर्चच्या निवासी शाळांमधले मुलांवरचे अत्याचार बाहेर आले. ट्यूम गावात कुमारी मातांच्या आश्रमातल्या ७९६ मुलांच्या मृत्यूची नोंद एका स्थानिक अभ्यासक बाईने, कॅथरीन कॉर्लेस यांनी, एकेक दाखला काढून जमवली. त्या मुलांच्या कबरी कुठेच नव्हत्या. न जन्मलेल्या जिवाची एवढी काळजी करणाऱ्यांनी जन्मलेल्यांचे काय केले, असे लोक उघड विचारू लागले. पण २०१६ च्या जनगणनेत ७८ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिकच लिहिले होते. दोन वर्षांनी ६६ टक्के लोकांनी बंदी उठवायला मत दिले. म्हणजे त्यांत रविवारी चर्चला जाणारे भरपूर होते.

राजकारण्यांनी मात्र पुन्हा निखारा चिमट्यानेच धरला. या वेळी चिमटा चांगला निघाला. नागरिकांमधून ९९ सामान्य माणसे निवडून त्यांची सभा बसवली गेली, अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. या माणसांनी पाच शनिवार-रविवार डॉक्टर, वकील, धर्मज्ञ आणि स्वतः भोगलेल्या बायका यांचे ऐकले आणि मते दिली. सभेचा कौल पुढाऱ्यांच्या अंदाजापेक्षा फार मोकळा निघाला. मग संसदेची समिती, मग सार्वमत. लिओ वराडकर स्वतः डॉक्टर आणि डॉक्टरचा मुलगा. काही वर्षांपूर्वी ते या बाबतीत बंदीच्या बाजूचे होते, आणि आपले मत बदलले आहे हे त्यांनी लपवले नाही. विरोधी पक्षनेते मीहॉल मार्टिन यांनीही संसदेत उभे राहून तेच सांगितले, आपल्या पक्षातले कितीतरी खासदार नाराज होतील हे ठाऊक असून. आपल्याकडे पुढाऱ्याने मत बदलले की आपण पैसे मोजतो. तिथेही हसणारे होतेच.

मतदान २५ मे २०१८ ला झाले. परदेशी कामाला गेलेल्या आयरिश माणसांना टपालाने मत देता येत नाही, म्हणून हजारो तरुण-तरुणी विमानांनी, बोटींनी घरी आल्या. १४,२९,९८१ मते बंदी उठवावी म्हणून, ७,२३,६३२ विरुद्ध. ४० मतदारसंघांपैकी एकट्या डोनेगलने नकार दिला. मतदानोत्तर पाहणीत वयाच्या गटांमध्ये फक्त ६५ वर्षांवरच्यांचे बहुमत विरोधात निघाले, आणि त्यांचे म्हणणे तुच्छतेने घ्यावे असे मला वाटत नाही. १९८३ मध्ये त्यांनीच मनापासून एका जिवाच्या रक्षणासाठी मत दिले होते.

१ जानेवारी २०१९ पासून नवा कायदा लागू आहे. बारा आठवड्यांपर्यंत कारण सांगावे लागत नाही, पण डॉक्टरला पहिल्यांदा भेटल्यावर तीन दिवस थांबावे लागते. त्यानंतर आईच्या जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका असेल, किंवा बाळ जन्मानंतर २८ दिवसांच्या आत जाईल असे व्यंग असेल तरच. इंग्लंडला जाणाऱ्यांची संख्या २०१९ मध्ये ३७५ वर आली, शून्य झाली नाही. दुसरीकडे देशातले गर्भपात पहिल्या वर्षी ६,६६६ होते, २०२३ मध्ये दहा हजारांवर गेले. विरोधक हा आकडा दाखवतात आणि तो दाखवण्याचा त्यांना हक्क आहे, कारण आई मरणाच्या दारात असणे आणि मूल नको असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझे स्वतःचे मन दुसऱ्या बाबतीत अजून अडखळते. पण पहिल्या बाबतीत, बहिणीच्या त्या रात्रीनंतर, नाही.

मतमोजणी २६ मे ला झाली. रमजानचे दिवस होते. इफ्तारनंतर मी खालाला फोन केला आणि सांगितले, तू सहा वर्षांपूर्वी विचारत होतीस ना, तो कायदा आज गेला. डब्लिनमध्ये एका भिंतीवर त्या मुलीचे मोठे चित्र काढले आहे, लोक रांगा लावून तिथे चिठ्ठ्या चिकटवत आहेत, माफी मागत आहेत.

खाला थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिची आई इथंच असते. तिला कुणी वाचून दाखवलं का गं, त्यात काय लिहिलंय ते?"